फियाट की ॲम्बॅसिडर? जुन्या गाड्यांचे आकडे वाचताना

सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्या घराला गाडी परवडू लागली, त्या घरात एक वाद ठरलेला असायचा: फियाट घ्यायची की ॲम्बॅसिडर? मद्रासची स्टँडर्ड हा तिसरा पर्याय होता, पण खरी लढत या दोघींचीच. नंबर लावायचा, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. तेवढ्या काळात नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सहकारी सगळे आपापली बाजू मांडून मोकळे व्हायचे. 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव 1974 साली आलं, तरी लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. त्यामुळे इथेही दोन्ही नावं येतील.

या वादात एक कोडं दडलेलं आहे. ॲम्बॅसिडरचं पेट्रोल इंजिन 1489 सीसीचं, पद्मिनीचं 1089 सीसीचं. म्हणजे ॲम्बॅसिडरचं इंजिन तब्बल 400 सीसीने, जवळजवळ 37 टक्क्यांनी मोठं. ताकद पाहिली तर एकीची सुमारे 50 अश्वशक्ती, दुसरीची सुमारे 40. या हिशेबाने प्रत्येक सिग्नलला ॲम्बॅसिडरने फियाटला मागे टाकायला हवं होतं. पण दोन्ही गाड्या चालवलेल्या माणसाला विचारा. तो सांगेल की शहरात फियाट हलकी, चपळ वाटायची, कुठेही कमी पडायची नाही. तोच माणूस पुढे हेही सांगेल की पाच माणसं, ट्रंका आणि वळकट्या घेऊन घाट चढायची वेळ आली की फियाटला धाप लागायची आणि ॲम्बॅसिडर आपल्या चालीने वर निघून जायची.

दोन्ही अनुभव खरे आहेत आणि दोन्हींचं उत्तर त्याच माहितीपत्रकात आहे. फक्त ते एका आकड्यात सापडत नाही. एका आकड्याला दुसऱ्याने भागावं लागतं.

दोन घराणी

पद्मिनीच्या इंजिनाचा जन्म 1937 सालचा. इटलीत दान्ते जकोसा या अभियंत्याने फियाटच्या 508 सी या गाडीसाठी ते बनवलं. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75 मिलिमीटर, एकूण 1089 सीसी. हीच मापं पुढे 1953 च्या फियाट 1100 मध्ये आली. ती गाडी वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली आणि तिच्या गोलसर नाकाडामुळे मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटलं. 1964 मध्ये कोनदार अंगाची 1100 डी आली आणि तीच पुढे पद्मिनी झाली. इटलीतल्या 1100 डीला मोठं, 1221 सीसीचं इंजिन होतं. आपल्याकडे मात्र जुनं 1089 सीसीच कायम ठेवलं गेलं. दुसऱ्या महायुद्धाआधी आखलेलं इंजिन विसावं शतक संपेपर्यंत कुर्ल्यातून बाहेर पडत राहिलं, ही इंजिन आखणाऱ्याला मिळालेली मोठी दाद आहे. दुसरा पर्यायच बाजारात येऊ न देणाऱ्या परवाना पद्धतीचाही त्यात तेवढाच वाटा आहे.

ॲम्बॅसिडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी आवृत्ती. हिंदुस्थान मोटर्सने 1957-58 मध्ये ती पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनवायला घेतली आणि 2014 च्या मे महिन्यापर्यंत तो कारखाना चालू होता. सुरुवातीला तिच्यात जुन्या पद्धतीचं, बाजूला व्हॉल्व्ह असलेलं इंजिन होतं. थोड्याच काळात त्याची जागा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' इंजिनाने घेतली: व्यास 73 मिलिमीटर, धाव 88.9 मिलिमीटर, 1489 सीसी. हे इंजिनही नामांकित घराण्यातलं. एमजी कंपनीच्या एमजीए आणि एमजीबी या देखण्या स्पोर्ट्स गाड्यांत याच कुटुंबातली इंजिनं होती.

सीसी म्हणजे नक्की काय?

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. पिस्टन एकदा खालून वर जाताना सिलिंडरमधली जेवढी जागा पार करतो तेवढं त्याचं घनफळ, गुणिले सिलिंडरची संख्या. पद्मिनीचं गणित कागदावर करून पाहा. 6.8 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ 36.3 चौरस सेंटिमीटर. त्याला 7.5 ने गुणलं की 272. चार सिलिंडर म्हणून चारने गुणलं की 1089. शाळेतलं गणित इथे जसंच्या तसं लागू पडतं.

पण लक्षात घ्या, हे आकारमान आहे, ताकद नव्हे. इतकी हवा आणि पेट्रोल एका दमात आत घेण्याची क्षमता आहे, एवढंच सीसी सांगतं. ते किती भरभर घेतलं, किती दाबून जाळलं, हे त्यात येत नाही.

व्यास आणि धाव यांचं प्रमाणही बघण्यासारखं आहे. ॲम्बॅसिडरची धाव तिच्या व्यासाच्या 1.22 पट, पद्मिनीची 1.10 पट. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं गाडीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावरून ठरत असे, धावेचा त्यात हिशेबच नसे. त्यामुळे तिथल्या अभियंत्यांना अरुंद सिलिंडर आणि लांब धाव अशी सवय लागली. तो कर गेल्यावरही सवय राहिली. लांब धावेचं इंजिन फार वेगाने फिरवता येत नाही, कारण प्रत्येक फेरीत पिस्टनला जास्त अंतर कापावं लागतं. ॲम्बॅसिडरचं इंजिन मिनिटाला 4200 फेऱ्यांवर पिस्टनला सेकंदाला साधारण 12.4 मीटर पळवतं. पद्मिनीचा पिस्टन त्यापेक्षा थोड्या कमी वेगात, 12 मीटरवर असताना तिच्या फेऱ्या 4800 होतात. धातूवर येणारा ताण जवळपास सारखाच, पण फियाटला 600 फेऱ्या जास्त मिळाल्या.

टॉर्क आणि अश्वशक्ती

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

विहिरीवर दोन माणसं पाणी शेंदत आहेत. एकाची बादली मोठी, तो सावकाश ओढतो. दुसऱ्याची बादली लहान, पण त्याचे हात भराभर चालतात. एका ओढीत किती पाणी वर आलं, तो झाला टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या एका फेरीतला पीळ. तासाभरात हौदात किती पाणी पडलं, ती झाली अश्वशक्ती. लहान बादलीवाला मोठ्या बादलीवाल्याच्या बरोबरीने हौद भरू शकतो, पण त्यासाठी त्याला सतत पळावं लागतं. जरा रेंगाळला की मागे पडला.

फियाट म्हणजे लहान बादली. तिचा सर्वात मोठा टॉर्क 71 न्यूटन-मीटर, तोही 3000 फेऱ्यांना. त्या क्षणी तिची ताकद भरते सुमारे 30 अश्वशक्ती. पूर्ण 40 हवी असेल तर 4800 फेऱ्यांपर्यंत इंजिन ओरडू द्यावं लागतं. ॲम्बॅसिडरचा टॉर्क 100 न्यूटन-मीटरच्या आसपास आणि तो अडीच हजार फेऱ्यांच्या आतच हाताशी येतो. म्हणजे जिथे फियाटचं इंजिन अजून तयारीत आहे, तिथे ॲम्बॅसिडर कामाला लागलेली असते.

याचा परिणाम चालवण्याच्या पद्धतीवर होतो. फियाटवाल्याला गिअर सतत बदलावे लागत. चढ आला, खालचा गिअर. वेग मंदावला, खालचा गिअर. ॲम्बॅसिडरवाला तिसऱ्यात टाकून निवांत. दोन्ही गाड्यांना गिअर चारच होते आणि गिअरची दांडी स्टिअरिंगखाली होती, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिसरा माणूसही बसत असे. दोघींच्याही पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं. सिंक्रोमेश म्हणजे दोन दातेरी चाकांचा वेग जुळवून देणारी कडी. ती नसली की गाडी चालू असताना पहिला गिअर घालायला गेलं तर दात करकरतात. घाटातल्या आखूड वळणावर दुसऱ्यात गाडी ओढेनाशी झाली, तर डबल क्लच मारायचा, म्हणजे क्लच दोनदा दाबून मध्ये ॲक्सिलरेटरचा झटका द्यायचा, नाहीतर गाडी जवळजवळ उभी करून पहिला घालायचा. भरलेल्या फियाटवर ही वेळ अधिक वेळा येई.

मग 1489 सीसीतून 50 च का?

जी एमजीए स्पोर्ट्स गाडी वर आली, तिच्यातही 1489 सीसीचंच बी सिरीज इंजिन होतं. तिथे त्यातून जवळपास 70 अश्वशक्ती निघत असे. फियाटच्या 1089 सीसी इंजिनातूनही इटलीत 1100 टीव्ही या वेगवान आवृत्तीला 50 च्या घरात ताकद मिळायची. त्याच मापाचं इंजिन आपल्याकडे 40 वर का थांबलं?

कारण कॉम्प्रेशन. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं, ते म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. जितकं जास्त दाबाल तितका जळताना जोर जास्त. पण जास्त दाबलं की मिश्रण तापतं आणि ठिणगी पडण्याआधीच किंवा ठिणगीनंतर भलत्या कोपऱ्यात स्वतःहून पेट घेतं. यालाच गाडी 'नॉक' करते म्हणतात. चढावर ऐकू येणारा तो टकटक आवाज म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर पडणारे घाव. हे टाळण्याची पेट्रोलची कुवत ऑक्टेनच्या आकड्यात सांगतात. त्या काळी आपल्याकडे मिळणारं पेट्रोल कमी ऑक्टेनचं होतं. म्हणून दोन्ही गाड्यांचं कॉम्प्रेशन सव्वासातच्या आसपास ठेवलेलं होतं. एमजीएचं सव्वाआठच्या वर होतं, शिवाय तिला हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारे दोन कार्ब्युरेटर होते. आपल्या गाड्यांना एकच.

या निर्णयाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. कमी कॉम्प्रेशनचं इंजिन ताकद कमी देतं, पण भेसळीचं पेट्रोल, घाणेरडं तेल, उशिरा केलेलं सर्व्हिसिंग हे सगळं सोसतं. खेड्यातल्या मेकॅनिकला पाना आणि फीलर गेज एवढ्यावर ते दुरुस्त करता येतं. या देशाला त्या काळात तेच हवं होतं.

जुने आकडे वाचताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पूर्वी अनेक कंपन्या अश्वशक्ती मोजताना इंजिन एकटंच स्टँडवर चढवत. एअर फिल्टर, सायलेन्सर, डायनॅमो असं ताकद खाणारं काहीच जोडत नसत. याला ग्रॉस आकडा म्हणतात. आजचे आकडे सगळं जोडून मोजलेले, म्हणजे नेट असतात. त्यामुळे जुन्या पत्रकातले 50 आणि आजच्या गाडीचे 50 एकाच तराजूत घालू नयेत. शिवाय वर्षागणिक आणि मॉडेलगणिक हे आकडे थोडे हलतात. म्हणून खाली मी पूर्णांकात घेतले आहेत.

चौकट: आकड्यांतल्या दोघी (पेट्रोल मॉडेल)

इंजिन: पद्मिनी 1089 सीसी, ॲम्बॅसिडर 1489 सीसी
ताकद: सुमारे 40 अश्वशक्ती, सुमारे 50 अश्वशक्ती
टॉर्क: 71 न्यूटन-मीटर, सुमारे 100 न्यूटन-मीटर
रिकामं वजन: 895 किलो, सुमारे 1,100 किलो
लांबी: 3.93 मीटर, 4.33 मीटर
रुंदी: 1.46 मीटर, सुमारे 1.66 मीटर
उंची: सुमारे 1.47 मीटर, सुमारे 1.6 मीटर
चाक: 14 इंची, 15 इंची
पुढचं सस्पेन्शन: कॉइल स्प्रिंग, टॉर्शन बार
मागचं सस्पेन्शन: दोघींना पाटे
ब्रेक: दोघींना चारही चाकांना ड्रम

भागाकार

आता कोडं सोडवू. पद्मिनीची 40 अश्वशक्ती 0.895 टनाने भागा: टनामागे 44.7. ॲम्बॅसिडरची 50 अश्वशक्ती 1.1 टनाने भागा: टनामागे 45.5. दोघी एका पातळीवर! ॲम्बॅसिडरला मिळालेली 400 सीसीची आघाडी तिच्या अंगावरच्या 200 किलो जादा वजनाने खाऊन टाकली. एकट्या-दुकट्या माणसाला शहरात फियाट कुठेही कमी वाटली नाही, याचं कारण हे. त्यात तिचं अंग लहान, पिस्टन हलके, इंजिन पटकन फेऱ्या घेणारं. गिअर वेळेवर टाकणारा चालक असेल तर ती मागे राहण्याचं कारणच नव्हतं.

आता दोन्ही गाड्यांत माणसं आणि सामान मिळून 350 किलो भरा. पद्मिनी होते 1,245 किलो, ॲम्बॅसिडर 1,450. पुन्हा भागाकार करा. पद्मिनी टनामागे 32 वर घसरते, ॲम्बॅसिडर साडेचौतिसावर थांबते. फरक अजून फार नाही. पण चढावर कामाला येतो तो टॉर्क. तो भागून पाहा. रिकाम्या गाडीला पद्मिनीचा टनामागे 79 न्यूटन-मीटर, ॲम्बॅसिडरचा 91. भरल्या गाडीला 57 आणि 69. म्हणजे भरलेली ॲम्बॅसिडर भरलेल्या फियाटपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त जोर लावू शकते, तोही कमी फेऱ्यांवर. घाटातली ती धाप इथे आकड्यांत दिसते.

तेच ओझं हलक्या गाडीला जास्त जड जातं, हे यातलं खरं सूत्र आहे. 350 किलो भरले की फियाटचं वजन 39 टक्क्यांनी वाढतं, ॲम्बॅसिडरचं 32 टक्क्यांनी.

या भागाकाराची ताकद 1983 च्या डिसेंबरात सगळ्या देशाने पाहिली. मारुती 800 आली ती 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि चाळिशीच्या आतली अश्वशक्ती घेऊन. सीसीकडे बघून अनेकांनी तिला खेळणं म्हटलं. पण तिचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास होतं. टनामागे जवळपास 60 अश्वशक्ती! फियाट आणि ॲम्बॅसिडर दोघींना तिने सिग्नलवर सहज मागे टाकलं. उलट बाजूने हेच नव्वदच्या दशकात घडलं. ॲम्बॅसिडरमध्ये इसुझूचं 1.8 लिटरचं, सत्तरीच्या वरच्या अश्वशक्तीचं इंजिन आणि पाच गिअरची पेटी बसवली, तेव्हा जुन्या अंगातच एक निराळी गाडी जागी झाली.

हवेशी झुंज

सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना वजनाचा त्रास फारसा होत नाही. तिथे अडवते ती हवा. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी 60 वरून 90 वर गेलात, म्हणजे वेग दीडपट झाला, तर हवेसाठी लागणारी ताकद 3.4 पट होते. जुन्या गाड्या ऐंशीपर्यंत खुशीत आणि पुढे एकदम कुरकुरत, याचं मुख्य कारण हे.

समोरून गाडी किती जागा व्यापते ते रुंदी गुणिले उंचीवरून अंदाजता येतं. पद्मिनीचं साधारण 2.14 चौरस मीटर, ॲम्बॅसिडरचं 2.66. ताकदीला याने भागा. 40 भागिले 2.14 म्हणजे 18.7, आणि 50 भागिले 2.66 म्हणजे 18.8. पुन्हा बरोबरी. कमाल वेगातही दोघींत सांगण्यासारखा फरक नसायचा, तो यामुळेच.

घाट चढताना, उतरताना

बोरघाटात उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना पेट्रोल पंपावर टाकलेलं ओलं फडकंही आठवेल. हा पंप म्हणजे इंजिनाला चिकटून बसवलेली लहानशी डबी, टाकीतलं पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देणारी. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चढते, इंजिन पुरेपूर तापतं, समोरून वारा मात्र कमी मिळतो. पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंप द्रव ओढायला बनवलेला, वाफ त्याला ओढता येत नाही. इंजिन उपाशी राहून बंद पडतं. ओल्या फडक्यातलं पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं, आतली वाफ पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी सेल्फला लागते. या युक्तीमागे पक्कं विज्ञान आहे. फेऱ्या जास्त, म्हणून उष्णता जास्त. त्यामुळे भरलेल्या फियाटला याची बाधा लवकर होणं साहजिक होतं.

उतरताना मात्र पारडं फिरतं. खंडाळ्याहून खोपोलीला येताना गाडी सुमारे 500 मीटर खाली उतरते. भरलेल्या ॲम्बॅसिडरची यात सुमारे 71 लाख जूल ऊर्जा मोकळी होते. एकवीस लिटर साधं पाणी उकळीला आणण्याइतकी. फियाटची सुमारे 61 लाख. ही ऊर्जा इंजिनाने, हवेने आणि ब्रेकने मिळून पचवायची. ड्रम ब्रेकमध्ये लायनरचे जोडे गोल ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात. ड्रम बंदिस्त, आतली उष्णता पटकन बाहेर पडत नाही. तापला की ड्रम फुगतो आणि जोड्यांपासून दूर सरकतो, लायनरची पकडही सुटते. पॅडल पायाखाली खोल जातं आणि गाडी थांबत नाही. वजनदार गाडीला हा धोका जास्त. म्हणून जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करू नका. जास्तीची ऊर्जा इंजिनाच्या गळ्यात घालायची, हा त्याचा अर्थ.

खड्ड्यांच्या बाबतीत मी ॲम्बॅसिडरला पुढचा नंबर देईन. तिचं चाक एक इंचाने मोठं, अंग जड आणि पुढे टॉर्शन बार. टॉर्शन बार म्हणजे पोलादी सळई, जी खड्ड्यात चाक वर उचललं गेलं की पिळली जाते आणि परत सरळ होते. मोडणारं, खुळखुळणारं त्यात फार काही नसतं. फियाटची कॉइल स्प्रिंग शहरात छान, पण पूर्ण भरल्यावर तिची मागची बाजू पाट्यांवर बसे. वजनात 39 टक्क्यांचा फरक एकाच पाट्याने सांभाळायचा तर रिकामी असताना कडक किंवा भरल्यावर ढिली, यातलं एक पत्करावंच लागतं.

मुंबईची फियाट, कोलकात्याची ॲम्बॅसिडर

कुर्ला मुंबईत आणि उत्तरपाडा कोलकात्याला लागून. त्यामुळे ज्या शहरात जी गाडी बनली, तीच तिथली टॅक्सी झाली. सुटे भाग, मेकॅनिक, जुनी इंजिनं सगळं हाताशी. कुर्ल्यात आणि चोरबाजारात पद्मिनीचा पार्ट मिळाला नाही असं क्वचितच व्हायचं.

पण मुंबईच्या टॅक्सीसाठी फियाट नुसती जवळची नव्हती, ती योग्यही होती. प्रत्येक सिग्नलला थांबताना गाडीने कमावलेली सगळी गती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, आणि ती वजनाच्या प्रमाणात असते. 200 किलो कमी वजन म्हणजे दिवसभरातल्या शेकडो थांब्यांवर वाचलेलं पेट्रोल. रुंदी 20 सेंटिमीटर कमी, लांबी 40 सेंटिमीटर कमी. गिरगाव-भुलेश्वरच्या गल्ल्यांत हा फरक गाडी जाते की अडकते, एवढा मोठा. सामान डिकीत मावलं नाही तर टपावर कॅरिअर होताच.

पुढे मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा फियाटच्या जुन्या इंजिनाचं आणखी नुकसान झालं. गॅस इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलच्या थेंबांपेक्षा खूप जास्त जागा घेतो, तेवढी हवा कमी आत येते आणि ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. सीएनजीचं ऑक्टेन खूप जास्त असल्याने जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात हे नुकसान काही प्रमाणात भरून निघतं. सव्वासातच्या कॉम्प्रेशनला तो फायदा उचलता आला नाही. त्यात डिकीतल्या गॅसच्या टाकीचं वजन. तरीही या गाड्या चालत राहिल्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, 2023 च्या ऑक्टोबरअखेर, काळ्या-पिवळ्या फियाटचं पर्व संपलं.

कौल, आणि घेणाऱ्यांसाठी दोन शब्द

माझा कौल स्पष्ट आहे. एक-दोन माणसं, शहरातला वापर, गिअर बदलण्याची हौस असेल तर पद्मिनी. मोठं कुटुंब, खराब रस्ते, लांबचा पल्ला असेल तर ॲम्बॅसिडर. दोघींतली कुठलीही 'जास्त ताकदवान' नव्हती. एकीने ताकद वजनात घातली, दुसरीने वजन वाचवून कमी ताकदीत काम भागवलं.

पन्नास वर्षं ओलांडलेल्या खासगी गाड्यांना केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळू शकते. 1974 ची पद्मिनी आता त्या रांगेत आली आहे, जुन्या ॲम्बॅसिडर तर केव्हाच आल्या. घ्यायचा विचार असेल तर इंजिनावर फार वेळ घालवू नका. ते दोन्ही गाड्यांचं उघडून, बोअर करून, नवे पिस्टन-रिंग घालून पुन्हा उभं करता येतं. आधी पायाखालची मॅट उचला आणि तळाचा पत्रा बोटाने दाबून पाहा. दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, पत्र्याचं अंग हाच त्यांचा सांगाडा आहे. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी वरून चकचकीत रंगवलेली असली तरी दारांखालचे उंबरे, मागच्या पाट्यांची टोकं जिथे अडकवतात ती जागा आणि डिकीचा तळ आतून गंजलेला असू शकतो. तिथे बोट आत गेलं तर ती गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका.